टॉर सोर्स कोडवरून कसं बसवतात? आणि जळगाव-धुळ्यात बसून त्याने नेमकं काय लपतं?

जळगाव असो की धुळे, गल्लीत इंटरनेट कोण देतं? बऱ्याचदा तोच केबलवाला, ज्याने वीस वर्षांपूर्वी टीव्हीची वायर ओढली होती. आता त्याने फायबर ओढलंय. त्याच्याकडे घराचा पत्ता आहे, मोबाईल नंबर आहे, आधारची झेरॉक्स आहे. नेट बंद पडलं की तो किंवा त्याचा पोरगा घरात येऊन राऊटरला हात लावतो, चहा घेतो आणि जातो. मोठ्या शहरात याला नुसतं सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणतात. इथे तो काकांचा मित्र असतो.

आता समजा, गिरणेच्या पात्रातून रात्री वाळू उपसली जातेय आणि एखाद्याला आपलं नाव पुढे न येता तक्रार कशी करायची हे शोधायचंय. किंवा बारावीतल्या मुलीला अशा आजाराबद्दल वाचायचंय, ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही. दोन्हींत बेकायदा काही नाही. तरी दोघांनाही वाटतं की हे कुणाला कळू नये. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "टॉर वापर." आणि थोडा जास्त माहीतगार मित्र असेल तर पुढे म्हणतो, "तयार फाईल घेऊ नको, सोर्स कोडवरून स्वतः बसव."

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. टॉर कसं चालतं, ते सोर्स कोडवरून कसं उभं करतात आणि एवढं करूनही काय उघडं राहतं, हे एकदा समजून घेतलं की उरलेला अर्धा लक्षात येतो. आणि इंटरनेटवर अनामिक राहता यावं की नाही, या देशभर चाललेल्या वादातला एक महत्त्वाचा धडा धुळे जिल्ह्यातला आहे. त्याकडेही येऊ.

इन्कॉग्निटो लावलं की झालं ना?

नाही. इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट मोड फक्त तुमच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर हिस्ट्री ठेवत नाही. घरातल्या माणसाने नंतर ब्राउझर उघडला तर त्याला दिसणार नाही, एवढाच त्याचा उपयोग. केबलवाल्याला, मोबाईल कंपनीला आणि समोरच्या वेबसाईटला तुम्ही नेहमीसारखेच दिसता.

पत्त्याच्या सुरुवातीला कुलूप दिसतं, म्हणजे एचटीटीपीएस, तेव्हा तुम्ही पानावर काय वाचलं किंवा काय टाईप केलं हे नेट देणाऱ्याला दिसत नाही. पण कोणत्या साईटवर गेलात हे सहसा कळतं. एखाद्या आजाराच्या नावाचीच साईट असेल तर तेवढंही पुरेसं आहे.

मग व्हीपीएन? त्यात केबलवाल्याला काही दिसत नाही, पण आता सगळं व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला. त्यात २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी ॲड्रेस अशी माहिती ५ वर्षं जपून ठेवावी. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटच्या व्हीपीएन ॲपबद्दल तर न बोललेलंच बरं. सर्व्हरचा खर्च कुणीतरी देतच असतो, आणि तो तुम्ही पैशांत देत नसाल तर कशात देताय हे विचारायला हवं.

टॉर वेगळं काय करतं?

एक चिठ्ठी धरा. ती जळगावहून मुंबईला एका कार्यालयात पोहोचवायची आहे, पण ती कुठून आली हे कार्यालयाला कळू नये आणि कुठे चालली आहे हे जळगावात कुणाला कळू नये. मग ती तीन पाकिटांत घालायची, एकात एक. सगळ्यात बाहेरच्या पाकिटावर भुसावळच्या माणसाचा पत्ता. तो पाकीट फोडतो, आत दुसरं पाकीट निघतं, त्यावर मनमाडचा पत्ता. मनमाडचा माणूस फोडतो, आत तिसरं, कल्याणचं. कल्याणवाला शेवटचं पाकीट फोडून चिठ्ठी कार्यालयात देतो. भुसावळच्या माणसाला जळगाव माहीत आहे, पण चिठ्ठी शेवटी कुठे जाणार हे माहीत नाही. कल्याणच्या माणसाला कार्यालय माहीत आहे, पण जळगाव नाही. मनमाडवाल्याला तर दोन्ही टोकं माहीत नाहीत.

टॉर हेच करतं, फक्त पाकिटांऐवजी एन्क्रिप्शनचे थर असतात आणि माणसांऐवजी जगभरातले हजारो सर्व्हर, ज्यांना रिले म्हणतात. ते स्वयंसेवक आणि संस्था चालवतात. तुमच्या कॉम्प्युटरवरचं टॉर त्यातले तीन निवडतं आणि वाट तयार करतं. थरावर थर सोलत जायचं, म्हणून या पद्धतीला इंग्रजीत कांद्याचं नाव पडलं. कांद्याच्या चाळी पाहिलेल्या खान्देशाला ते वेगळं समजवावं लागणार नाही.

केबलवाल्याला यात एवढंच दिसतं की तुम्ही टॉरच्या एका रिलेशी जोडले आहात. हे मात्र दिसतं. नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शेवटच्या रिलेबद्दल एक जुना किस्सा भारतीयांच्या कामाचा आहे. २००७ मध्ये डॅन एगरस्टॅड या स्वीडिश तरुणाने स्वतःचे असे शेवटचे रिले चालवले आणि त्यातून काय जातंय ते पाहिलं. त्याला जगभरच्या दूतावासांचे ईमेल पासवर्ड मिळाले. त्यात भारतीय दूतावास होते, एनडीए आणि डीआरडीओतल्या अधिकाऱ्यांची खातीही होती. टॉर मोडलं नव्हतं. चिठ्ठी साध्या अक्षरात लिहिली होती, आणि शेवटचं पाकीट फोडणाऱ्याला ती वाचता येते. टॉर वापरतानाही एचटीटीपीएसचं कुलूप लागतं ते यासाठी.

हे बनवलं कुणी? अमेरिकेच्या नौदलाने

अनेकांना हे ऐकून धक्का बसतो. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत पॉल सिव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्यासोबत तिचं आजचं रूप तयार झालं. ऑक्टोबर २००२ मध्ये नेटवर्क सुरू झालं आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला गेला. २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

नौदलाने स्वतःचं हत्यार जगाला का वाटलं? कारण ते फक्त नौदलाने वापरलं असतं तर टॉरवरून आलेला प्रत्येक जण नौदलाचाच, हे आंधळ्यालाही कळलं असतं. लपायला गर्दी लागते. पत्रकार, विद्यार्थी, नवऱ्यापासून लपून मदत शोधणारी बाई, पोलीस, आणि हो, गुन्हेगारही, हे सगळे एकाच गर्दीत असतात. डिंगलडाइन आणि मॅथ्यूसन यांनी २००६ मध्ये याच विषयावर एक निबंध लिहिला होता, की अनामिकतेला सोबत लागते. जळगावात बसून टॉर वापरणाऱ्याने पाहिजे तर कोड वाचू नये, पण हा मुद्दा विसरू नये.

सोर्स कोडच कशाला?

तयार मिळणारं सॉफ्टवेअर म्हणजे शिजलेली भाजी. आत काय घातलंय ते चवीवरून ओळखायचं. सोर्स कोड म्हणजे कृती आणि कच्चा माल. तो वाचता येतो, आणि आपल्याच मशीनवर त्यातून प्रोग्रॅम बनवता येतो. याला कंपाईल करणं म्हणतात.

धोका काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की एका चिनी यूट्यूब चॅनलवरच्या लिंकमधून टॉर ब्राउझरची बनावट फाईल पसरत होती. दिसायला अगदी खरी. पण ती ब्राउझिंगची हिस्ट्री आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती साठवून ठेवायची. म्हणजे लोक लपायला जात होते आणि थेट पकडणाऱ्याच्या घरात शिरत होते. आपल्याकडेही सॉफ्टवेअर पेन ड्राईव्हवरून, टेलिग्राम चॅनलवरून किंवा "डाउनलोड लिंक खाली दिली आहे" म्हणणाऱ्या व्हिडिओखालूनच फिरतं.

प्रत्यक्ष बसवायचं कसं?

यासाठी लिनक्स असलेला कॉम्प्युटर सगळ्यात सोपा. उबुंटू किंवा डेबियन धरून चालू. इथे जे बनतं तो टॉरचा मूळ प्रोग्रॅम असतो, म्हणजे पाकिटं घालणारं इंजिन. वेब पाहायचा ब्राउझर ही वेगळी गोष्ट, त्यावर नंतर.

आधी अवजारं. सी भाषेचा कंपाईलर लागतो, तो उबुंटूत बिल्ड-इसेन्शियल नावाच्या पॅकेजमध्ये येतो. शिवाय तीन लायब्ररी लागतात: लिबइव्हेंट, ओपनएसएसएल आणि झेडलिब. नवखे लोक इथेच अडकतात. लायब्ररी मशीनवर आधीपासून असते, तरी पुढे स्क्रीनवर येतं की लिबइव्हेंट सापडत नाही. कारण नुसता प्रोग्रॅम चालवायला लागणारी लायब्ररी वेगळी आणि कंपाईल करताना लागणाऱ्या तिच्या हेडर फाईली वेगळ्या. त्या फाईली नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेल्या पॅकेजमध्ये असतात. तिन्हींची डेव्ह पॅकेजेस टाकली की निम्मी डोकेदुखी जाते.

मग टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत साईटवरून सोर्स कोडची दाबलेली फाईल उतरवायची. ती दहा एमबीच्या आसपास असते, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा लहान. तिच्यासोबत दोन छोट्या फाईली असतात. एकीत चेकसम असतो, म्हणजे मूळ फाईलीचा जणू अंगठ्याचा ठसा. दुसरीत त्या चेकसमवर डेव्हलपरांनी केलेली डिजिटल सही.

ही पायरी सगळेच गाळतात, आणि नेमकी हीच गाळायची नसते. चेकसम जुळला म्हणजे एवढंच सिद्ध होतं की यादीत जो ठसा आहे तीच फाईल तुमच्याकडे आली. पण कुणी साईटच ताब्यात घेतली असेल तर तो फाईलही बदलेल आणि ठसाही. सही मात्र त्याला करता येणार नाही, कारण तिची गुप्त किल्ली डेव्हलपरांकडे आहे. जीपीजी नावाच्या प्रोग्रॅमने सही तपासतात. त्यासाठी डेव्हलपरांच्या सार्वजनिक किल्ल्या आधी मिळवाव्या लागतात.

सही बरोबर निघाली तरी जीपीजी खाली एक इशारा छापतो, की ही किल्ली याच माणसाची आहे याची खात्री नाही. अनेक जण इथे घाबरून सगळं पुसून टाकतात. त्याचा अर्थ फाईल खोटी आहे असा नाही. अर्थ एवढाच की किल्ली खरी आहे हे तुम्ही अजून स्वतः पाहिलेलं नाही. त्यासाठी किल्लीचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट दुसऱ्या ठिकाणाहून, शक्यतो दुसऱ्या नेटवर, मित्राच्या फोनवर पाहून अक्षर न अक्षर जुळवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण सोर्स कोडवरून बसवण्याची सगळी किंमत याच पाच मिनिटांत आहे. हे न करता कंपाईल करणं म्हणजे नळाचं पाणी न उकळता चांदीच्या पेल्यात पिणं.

पुढचं काम तीन आदेशांचं आहे, तिन्ही टर्मिनलमध्ये इंग्रजीत टाईप करायचे. फाईल उघडून त्या फोल्डरमध्ये गेलं की पहिला आदेश कॉन्फिगर. तो तुमच्या मशीनवर काय आहे, काय नाही याची झडती घेतो. दुसरा मेक. यात खरं कंपाईल होतं, स्क्रीनवर ओळींचा पाऊस पडतो आणि साधारण लॅपटॉपवर काही मिनिटांत संपतो. तिसरा मेक इन्स्टॉल, जो तयार प्रोग्रॅम योग्य जागी नेऊन ठेवतो. फक्त या शेवटच्या आदेशाला ॲडमिनचा अधिकार लागतो. टॉर चालवताना तो अधिकार देऊ नये, साध्या वापरकर्त्याच्या नावानेच चालवावं.

सेटिंगची फाईल टॉरआरसी नावाची असते. तिचा नमुना सोबत बसतो, त्याची प्रत करून नाव बदलायचं. सुरुवातीला त्यात काहीच बदल करायची गरज नसते. मग टॉर सुरू केलं की ते टप्प्याटप्प्याने टक्के दाखवत जातं, आणि शंभर टक्के झाल्याची ओळ आली की वाट तयार झाली.

टक्के मध्येच अडकले तर? आधी घड्याळ बघा. टॉरला वेळ बऱ्यापैकी अचूक लागते. कॉलेजच्या लॅबमधल्या किंवा सेकंडहँड घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरची सीमॉस बॅटरी मेलेली असते आणि चालू केला की तो थेट २००९ सालात जातो. टॉर त्याच्याशी बोलतच नाही. पन्नास रुपयांच्या बटण सेलमुळे लोकांनी दोन-दोन दिवस घालवलेत.

चालू झाल्यावर टॉर कॉम्प्युटरच्या आतच ९०५० या क्रमांकाच्या पोर्टवर वाट बघत बसतं. ज्या प्रोग्रॅमला टॉरमधून जायचंय, त्याला हा पोर्ट दाखवायचा. आणि टॉर प्रोजेक्टचं एक तपासणीचं पान आहे, ते उघडलं की तुम्ही टॉरमधून आलात की नाही ते सांगतं.

आणि इथेच मोठी चूक होते

पान म्हणतं, अभिनंदन. मग माणूस खूश होऊन आपल्या रोजच्या क्रोम किंवा फायरफॉक्सला तो पोर्ट जोडतो आणि समजतो की आपण अदृश्य झालो.

आयपी ॲड्रेस लपला, पण ब्राउझर तोच राहिला. त्यात तुमचं जीमेल लॉगिन आहे, जुन्या कुकीज आहेत. काही सेटिंगमध्ये तर साईटचं नाव विचारायचं काम, म्हणजे डीएनएस, टॉरला वळसा घालून थेट केबलवाल्याकडूनच होतं. शिवाय ब्राउझरची स्वतःची एक ठेवण असते: स्क्रीनचा आकार, टाइम झोन, भाषा, बसवलेले फॉन्ट. डीटीपीचं काम करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीचे डझनभर फॉन्ट असतात. जगातल्या कोट्यवधी ब्राउझरांत असं मशीन किती जणांचं? त्यात भारतीय वेळ मिळवा, मराठी भाषा मिळवा. नाव न सांगताही ओळख पटायला लागते.

टॉर ब्राउझर यासाठीच वेगळा बनवलाय. तो फायरफॉक्सवर आधारलेला आहे, पण त्याचा सगळा प्रयत्न असतो की प्रत्येक वापरकर्ता दुसऱ्यासारखाच दिसावा. टाइम झोन सगळ्यांचा एकच, फॉन्ट ठरावीकच, खिडकीचा आकारही गोल आकड्यांत. म्हणून त्यात हौसेने एक्स्टेंशन टाकू नयेत आणि थीम बदलत बसू नये. सगळ्यांनी एकच गणवेश घातलाय, त्यावर आपण गुलाबी दुपट्टा घेतला तर गणवेशाचा उपयोग काय?

मग टॉर ब्राउझरही सोर्स कोडवरून बनवता येतो का? येतो, पण त्यात अख्खा फायरफॉक्स कंपाईल करावा लागतो. तासन्‌तास वेळ आणि भरपूर डिस्क लागते. सुदैवाने गरज पडत नाही. टॉर ब्राउझर २०१३ पासून अशा पद्धतीने बनवला जातो की वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या मशीनवर तोच कोड कंपाईल केला तर बिट न बिट तीच फाईल निघावी. ठसे जुळले की कळतं, मध्ये कुणी काही मिसळलं नाही. म्हणजे शंभर जणांच्या वतीने चार जणांनी भाजी शिजवून पाहिली आणि चव सारखी आली. बाकीच्यांनी फक्त सही तपासून तयार फाईल घ्यायची.

थोडक्यात, मित्राच्या सल्ल्याचा चुकलेला अर्धा हा. वेब पाहण्यासाठी, सही तपासलेला तयार टॉर ब्राउझर हा स्वतः कंपाईल केलेल्या टॉरला रोजचा ब्राउझर जोडण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. सोर्स कोडवरून बसवणं कामाचं आहे ते शिकायला, स्वतःचा रिले चालवायला, किंवा तयार पॅकेज मिळत नाही अशा मशीनसाठी. त्यातही एक जबाबदारी येते. स्वतः बसवलेलं टॉर उबुंटूच्या नेहमीच्या अपडेटमध्ये बदलत नाही. नवी आवृत्ती आली की पुन्हा उतरवा, पुन्हा सही तपासा, पुन्हा मेक. हौस दोन महिन्यांत संपली की मशीनवर जुनं, भोकं पडलेलं टॉर राहतं.

सोर्स कोड म्हणजे जादूचा ताईत नाही, हे मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये सर्वत्र असणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातला होता. कोड खुला होता. पण हल्ल्याचा एक कळीचा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता, तो फक्त उतरवून घ्यायच्या दाबलेल्या फाईलीत होता. आणि त्या फाईलीवर सहीसुद्धा होती, कारण घरभेदी स्वतःच देखभाल करणाऱ्यांपैकी एक झाला होता. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ते उघडं पडलं. कोड खुला असल्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा कुणीतरी खरंच बघतं.

छोट्या गावात गर्दी कुठून आणायची?

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून बॉम्बच्या धमकीचा ईमेल पाठवला. टॉरमधून पाठवला. तरी तो लगेच सापडला. कसा? टॉर तुटलं नाही. त्याने विद्यापीठाचंच वायफाय वापरलं होतं, आणि त्या वेळी त्या वायफायवरून टॉरशी कोण कोण जोडलं होतं हे तपासणाऱ्यांना काढता आलं. यादी छोटी होती.

हार्वर्डमध्ये यादी छोटी, तर जळगावच्या एखाद्या होस्टेलच्या वायफायवर ती किती असेल? कदाचित एकाच नावाची. तो मुलगा धमकी देत होता, तो पकडला गेला ते बरंच झालं. पण हाच हिशेब वाळूची तक्रार करणाऱ्यालाही लागू होतो. कार्यालयात बसून, कार्यालयाच्या नेटवरून, फक्त कार्यालयातल्या चौघांना माहीत असलेली गोष्ट टॉरमधून कळवली तर टॉर काय करणार?

टॉर वापरतोय हेच लपवायचं असेल तर ब्रिज असतात, म्हणजे जाहीर यादीत नसलेले रिले. स्नोफ्लेक नावाचा प्रकार तर वाहतूक साध्या व्हिडिओ कॉलसारखी दाखवतो. टॉर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हे दोन्ही मिळतात.

लिहिण्याची भाषाही पकडून देते. तक्रारीत एखादा अहिराणी शब्द, नेहमीची एखादी चुकीची वेलांटी, रोजच्या स्टेटसमध्ये असते तशीच तीन उद्गारचिन्हं. गावातल्या माणसाला आयपी ॲड्रेस लागत नाही, तो वाक्यावरून ओळखतो.

हे कायदेशीर आहे का? आणि राईनपाड्याचा काय संबंध?

टॉर बसवायला किंवा वापरायला बंदी घालणारा कायदा देशात नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दुसऱ्या बाजूला, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ठरावीक कारणांसाठी माहिती पाहण्याचा आदेश देऊ शकतं. टॉरमधून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो. आणि घरच्या कनेक्शनवर शेवटचा रिले चालवू नये. जगातल्या कुणाचीही उठाठेव तुमच्या पत्त्यावरून झालेली दिसेल आणि पोलीस दारात आल्यावर पाकिटांची गोष्ट समजावत बसावं लागेल.

आता धुळ्याकडे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवर पसरलेली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारहाण केली, आणि पाचही जण मेले.

त्या काळात देशात अशा घटना ठिकठिकाणी घडत होत्या. ३ जुलैला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला खडसावलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आज तुमच्या फोनवर जी मर्यादा दिसते, तिच्यामागे राईनपाडा आहे. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत तरतूद आली, की मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावर मेसेज सगळ्यात आधी कुणी पाठवला हे सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तसं करायचं तर प्रत्येकाच्या मेसेजचं एन्क्रिप्शन मोडावं लागेल, असं कंपनीचं म्हणणं. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी न्यायालयात सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल.

अनामिकता नकोच, असं म्हणणारे लोक राईनपाड्यासारख्या घटनांकडे बोट दाखवतात. त्यांची चिंता खोटी नाही, पाच माणसं मेली आहेत. पण ती अफवा कशी पसरली ते बघा. व्हॉट्सॲप मोबाईल नंबरावर चालतं. मेसेज पाठवणारा नातेवाईक असतो, वर्गमित्र असतो, गल्लीच्या ग्रुपचा ॲडमिन असतो. प्रत्येक फॉरवर्डवर पाठवणाऱ्याचं नाव आणि डीपी असतो, आणि ओळखीच्या माणसाने पाठवलं म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. अनोळखी, बिनचेहऱ्याच्या खात्यावरून तोच मजकूर आला असता तर किती जणांनी पुढे ढकलला असता? पहिला पाठवणारा शोधण्याच्या नियमालाही मर्यादा आहेत. मजकूर कॉपी करून नव्याने पेस्ट केला की साखळी तुटते. आणि मेसेज परदेशातून आला असेल तर नियमानुसार भारतात तो ज्याच्याकडून पहिल्यांदा गेला, तोच मूळ धरला जातो. तो कदाचित काळजीपोटी फॉरवर्ड करणारा एखादा बापच असेल.

टॉरचा या सगळ्याशी थेट संबंध येत नाही. टॉरमधून व्हॉट्सॲप वेब उघडलं तरी नंबर तुमचाच. फेसबुकने २०१४ मध्ये टॉरसाठी स्वतःचा खास पत्ता सुरू केला, पण तिथेही लॉगिन केलं की फेसबुकला तुम्ही कोण ते कळतंच. फक्त कुठून आलात ते कळत नाही.

फक्त फोनच असेल तर?

बहुतेकांकडे लॅपटॉप नसतोच. अँड्रॉइडवर टॉर ब्राउझर प्ले स्टोअरवर अधिकृतपणे मिळतो. नावाखाली बनवणारा म्हणून 'द टॉर प्रोजेक्ट' आहे ना, एवढं पाहायचं, कारण मिळत्याजुळत्या नावाची आणि कांद्याच्या चित्राची ॲप्स बरीच आहेत. आयफोनवर टॉर प्रोजेक्ट ऑनियन ब्राउझर हे ॲप सुचवतं. कॉम्प्युटर आहे पण तो घरात सगळ्यांचा आहे, असं असेल तर टेल्स नावाची प्रणाली पेन ड्राईव्हवरून चालते आणि बंद केल्यावर मशीनवर मागे काही ठेवत नाही.

टॉर हळू चालतं. तीन ठिकाणी फिरून येणार, वेळ लागणारच. व्हिडिओ अडकतील, काही साईट तुम्ही रोबोट तर नाही ना हे पुन्हा पुन्हा विचारतील, बँकेची साईट तर दारातच अडवेल. बँकेसाठी टॉर वापरायचंच नसतं. तिला तुम्ही कोण हे सांगायलाच तुम्ही तिथे गेलेले असता.

आणि ॲपचं आयकॉन फोनवर दिसतं. फोन घरात हातोहात फिरत असेल तर पहिला प्रश्न केबलवाला विचारणार नाही, घरातलाच कुणीतरी विचारेल की हे जांभळं काय टाकलंय. काम झाल्यावर ॲप काढून टाकायचं आणि लागेल तेव्हा पुन्हा घ्यायचं, असं काही जण करतात. प्ले स्टोअरच्या यादीत ते घेतल्याची नोंद मात्र राहते.